लहान पेटींतील पाण्याचा फेरा

वैशाखांत फुलंब्रीस जाऊन आलेल्या मनुष्यास उन्हाळा म्हणजे काय हें निराळें सांगण्याचें कारण नाहीं. दुपारीं पारा ४० अंशांच्या आसपास रेंगाळतो, पत्र्याखालची खोली भट्टीसारखी होते, आणि अशाच एखाद्या खोलींत कोणी तरुण लग्नाच्या चित्रफिती जुळवीत संगणकापुढें बसलेला असतो. गिऱ्हाइकास फीत उद्यां हवी असते. संगणक मात्र तापला कीं आपला वेग आपणच कमी करतो, आणि अति तापला तर मध्येंच बंद पडतो. त्यांतून जागेच्या अडचणीमुळें पेटी लहान घेतलेली असली, तर आंत वारा खेळण्यासही वाव नसतो. मग त्याच्या मनांत येतें कीं, मोटारीच्या एंजिनाप्रमाणें या यंत्रासही पाण्यानें थंड कां करूं नये?

कल्पना वेडगळ नाहीं. त्याच जिल्ह्यांत, छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीपाशीं, मोठ्या हौदाखालीं एक प्रशस्त दालन आहे. डोंगराकडून मातीच्या नळांनीं आणलेलें पाणी त्याच्या छपरावर सांचतें आणि भर उन्हांतही खालीं गारवा राहतो. संगणकांपुरतें बोलावयाचें तर १९८५ सालच्या क्रे-२ या अमेरिकन महासंगणकाचे भाग एका वीजरोधक द्रवांत बुडवूनच ठेविलेले असत. आणि पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकाची उष्णताही द्रवाच्याच द्वारें बाहेर काढली जाते.

पाण्याची थोरवी अशी कीं, तितक्याच आकारमानाच्या हवेपेक्षां तें सुमारें ३,५०० पट उष्णता पोटांत घेऊं शकतें. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याचा, आंतून बारीक पन्हळी कोरलेला ठोकळा बसवितात. पंप त्यांतून पाणी खेळवितो. तें तापलेलें पाणी रेडिएटरमध्यें जातें, पंखे त्यावर वारा घालतात, आणि निवालेलें पाणी पुन्हां फेऱ्यास लागतें. ३०० वॅट उष्णता निर्माण होत असली आणि मिनिटास १ लिटर पाणी फिरत असलें, तर एका फेऱ्यांत पाणी सुमारें ४ अंशच तापतें. म्हणून ठोकळा आधीं कीं रेडिएटर आधीं, या वादांत फारसा अर्थ नाहीं. टांकी पंपाच्या वर असावी आणि पंप कधीं कोरडा चालूं नये, एवढें मात्र खरें.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. असें पाणी खोलीच्या हवेपेक्षां थंड कधींच होत नाहीं. हें कांहीं बर्फाचें यंत्र नव्हे. खोलींत ४० अंश असले तर फेऱ्यांतील पाणी सहज ५० अंशांवर जाईल. आणि पुष्कळ पंपांची मर्यादा ६० अंशांची असते. तेव्हां रेडिएटर लहान घेऊन काटकसर करणें हें फुलंब्रीच्या हवेंत शहाणपणाचें नाहीं. पुण्याच्या थंडींत जें साधतें तें तेथें मे महिन्यांत साधेलच असें नाहीं.

खरी परीक्षा मात्र जागेची. लहान पेटीचा मुख्य फलक १७० मिलिमीटर चौरस असतो. दोन पंख्यांचा रेडिएटर त्याहून लांब, साधारण पावणेतीनशे मिलिमीटर भरतो. त्याची जाडी ३० आणि पंख्याची २५, म्हणजे ५५ मिलिमीटर तेथेंच गेले. सामान मागविण्यापूर्वीं पुठ्ठा कापून त्याच मापाचा नमुना करावा आणि पेटींत बसवून पाहावा. शिंप्यानें कापडास कात्री लावण्यापूर्वीं माप घ्यावें, तसेंच हें आहे. आणि कित्येक उत्साही मंडळी नेमकें हेंच विसरतात. नळी एकदम वळविली तर ती चेपते व पाणी अडतें. तेथें काटकोनी जोड वापरावा. रेडिएटरचे जोड तो पेटींत जाण्यापूर्वींच घट्ट करावे, कारण मागाहून तेथें हात शिरत नाहीं. सर्वांत खालच्या जागीं एक तोटी ठेविली नाहीं, तर पुढें पाणी बदलतांना सगळें यंत्र उलटें करण्याची पाळी येते.

आतां पाणी कोणतें? बोअरचें तर मुळींच नव्हे. त्यांतील क्षार ठोकळ्याच्या पन्हळींत बसतात. ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें, त्यांत गंज व शेवाळ रोखणारें औषध घालावें, आणि तांब्याच्या ठोकळ्यास ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडूं नये. दोन धातूंची पाण्यांतून गांठ पडली कीं ॲल्युमिनियम झिजूं लागतें. शुद्ध पाण्यांतून वीज जात नाहीं, म्हणून गळालें तरी भय नाहीं, असें कोणी सांगितलें तर ऐकूं नये. थोड्याच दिवसांत धातूंचे अंश त्यांत उतरतात, आणि मग एक थेंबही वर्षभराची कमाई बुडवूं शकतो.

म्हणूनच पाणी भरण्याआधीं हवेची परीक्षा. लहान हातपंपानें अर्धा बार दाब द्यावा. दाबमापकाचा कांटा अर्धा तास ढळतां कामा नये. ढळला तर एकेक जोड साबणाच्या फेसानें तपासावा. मग पाणी भरून बाकीच्या सर्व भागांच्या तारा सोडवाव्या, आणि विजेचा पुरवठा फक्त पंपास द्यावा. पेटी हळूहळू डावीकडे, उजवीकडे कलती केली म्हणजे आंत कोंडलेले हवेचे बुडबुडे टांकीकडे येतात. टांकींतील पाणी उतरेल तसें वरून भरीत जावें. प्रत्येक जोडाखालीं टीपकागद घालावा. रात्रभर पंप तसाच चालूं द्यावा. मध्येंच वीज गेली तर ती परत आल्यावर वेळ पुन्हां पहिल्यापासून मोजावी. सकाळीं सर्व कागद कोरडे निघाले, तरच मुख्य फलकाच्या तारा जोडाव्या.