टोकेलाऊ : तीन कंकणद्वीपे आणि सोळा मते



शताब्दी साजरी करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून बोलायचे तर विषयही तसाच भारदस्त असावा, अशी अपेक्षा कोणी केली तर ती वावगी म्हणता येणार नाही. मी मात्र आज ज्या मुलखाची ओळख करून देणार आहे, तो शालेय नकाशात बहुधा सापडतही नाही. टोकेलाऊ हे त्याचे नाव. प्रशांत महासागरातील तीन लहान बेटे, सुमारे बारा चौरस किलोमीटर जमीन आणि सुमारे दीड हजार माणसे, एवढाच त्याचा पसारा. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्यातही याहून अधिक वस्ती असते.

मग त्यावर तासभर खर्च का करावा? याचे उत्तर असे की, स्वतःचा कारभार स्वतः पाहणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा जेवढा सावकाश आणि जेवढा प्रामाणिक विचार या दीड हजार माणसांनी केला आहे, तेवढा मोठमोठ्या राष्ट्रांनीही क्वचितच केला असेल. स्वशासन त्यांच्या दाराशी चालत आले होते. त्यांनी दोन वेळा मतदान केले, दोन्ही वेळा बहुमत स्वशासनाच्या बाजूने पडले आणि दोन्ही वेळा ते स्वशासन स्वीकारले गेले नाही. हे कोडे उलगडण्यासाठी प्रथम ती भूमी आणि ती माणसे समजून घेतली पाहिजेत.

विषुववृत्ताच्या दक्षिणेस आठ ते दहा अंशांच्या दरम्यान, सामोआच्या उत्तरेस सुमारे पाचशे किलोमीटरवर ही बेटे आहेत. वायव्येकडून आग्नेयेकडे आताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो असा त्यांचा क्रम लागतो. तिन्ही कंकणद्वीपे आहेत. समुद्रातून वर आलेला जुना ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेने वाढलेले प्रवाळ मात्र पृष्ठभागाशी टिकून राहते आणि शेवटी मधोमध उथळ पाणी व भोवती प्रवाळाचे कडे एवढेच उरते. त्या कड्यावर वाळू आणि प्रवाळाचा चुरा साचून ज्या अरुंद पट्ट्या तयार झाल्या, तीच टोकेलाऊची जमीन. तिची उंची समुद्रसपाटीपासून कोठेही पाच मीटरच्या फारशी वर जात नाही. तेथे डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी छपरांवरून टाक्यांत साठवायचे आणि तेच वर्षभर पुरवायचे.

मातीही नावापुरतीच. नारळ, केवड्याच्या जातीची झाडे, विलायती फणस आणि खणलेल्या खड्ड्यांतून वाढवलेला अळूसारखा एक कंद, यांवर तेथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या जगत आला. बाकी सारे समुद्राने दिले. विमानतळ नाही आणि बंदरही नाही. सामोआच्या आपिया शहराहून बोट निघते, ती एक दिवसाहून अधिक काळाने पहिल्या बेटाशी पोहोचते. मोठी बोट प्रवाळकड्याच्या बाहेर उभी राहते आणि माणसे व माल लहान होड्यांतून, कड्यात फोडलेल्या अरुंद वाटेने किनाऱ्याला लागतात. समुद्र खवळलेला असेल तर वाट पाहायची.

जेथे जमीन इतकी थोडी आणि समुद्र इतका अफाट, तेथे वाटणीचा नियम हाच जगण्याचा पहिला नियम ठरतो. टोकेलाऊमध्ये त्याला 'इनाती' म्हणतात. गावाच्या वतीने मासेमारी झाली की सारी मासळी एका ठिकाणी मांडली जाते आणि प्रत्येक घरातील माणसे मोजून तिचे वाटे घातले जातात. होडी कोणाची, जाळे कोणाचे, समुद्रावर कोण गेले होते, हे प्रश्न तेथे विचारले जात नाहीत. म्हातारी विधवा असो की तान्हे मूल, त्याचा वाटा निघतोच. टोकेलाऊचा अनेक वर्षे अभ्यास करणाऱ्या जुडिथ हन्ट्समन आणि अँटनी हूपर या दोघा मानववंशशास्त्रज्ञांनी १९९६ साली या समाजाचा बृहद् इतिहास प्रसिद्ध केला. गावाचा कारभार आणि वाटणीची रीत यांचा संबंध किती घट्ट आहे, हे तो वाचताना ध्यानात येते.

या समतेचा अर्थ तेथे सदैव रामराज्य होते, असा कोणी घेऊ नये. युरोपीय लोक येण्यापूर्वी फाकाओफोने इतर बेटांवर युद्ध करून वर्चस्व मिळवले होते. 'तुई टोकेलाऊ' या देवतेचे स्थानही तेथेच होते. १८६०च्या दशकात ख्रिस्ती धर्मोपदेशक आले. आताफू प्रॉटेस्टंट झाले, नुकुनोनू कॅथॉलिक झाले आणि फाकाओफोत दोन्ही पंथ नांदू लागले. ही विभागणी आजही बहुतांशी तशीच आहे.

त्याच दशकात या बेटांवर सर्वांत मोठा घाव पडला. १८६३ साली पेरूहून मजूर पकडण्यासाठी निघालेली जहाजे येथे आली. फसवून आणि बळजबरीने त्यांनी सुमारे अडीचशे माणसे नेली. लोकसंख्येच्या मानाने हा आकडा जवळजवळ निम्मा होता. नेलेल्यांत धडधाकट पुरुष अधिक होते आणि परत आलेले जवळजवळ कोणीच नव्हते. मागे उरलेल्यांत रोगाच्या साथीने आणखी बळी घेतले. बाहेरून येणाऱ्या जहाजातून काय उतरेल याचा नेम नसतो, ही जाणीव या समाजाच्या स्मृतीत खोल रुजली असेल, तर नवल वाटू नये.

आता राज्यकारभाराकडे वळू. १८८९ साली ब्रिटनने ही बेटे आपल्या संरक्षणाखाली घेतली. १९१६मध्ये ती गिल्बर्ट आणि एलिस बेटांच्या वसाहतीस जोडण्यात आली. १९२५-२६च्या सुमारास त्यांचा कारभार न्यूझीलंडकडे सोपवला गेला. १९४८च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९४९पासून टोकेलाऊ न्यूझीलंडचा भाग बनले आणि तेथील लोक त्या देशाचे नागरिक ठरले. या साऱ्या हस्तांतरांत बेटवासीयांचे मत कोणी विचारल्याचे दिसत नाही. ओलोहेंगा हे चौथे बेट टोकेलाऊचे लोक परंपरेने आपले मानतात. ते १९२५मध्ये अमेरिकेने आपल्या सामोआला जोडून घेतले. १९८०च्या तहाने ती सीमा पक्की झाली. त्या बेटाची हळहळ मात्र तहाने मिटली नाही.

न्यूझीलंडचा अंमल दूरस्थ होता. प्रशासक बेटांवर राहत नसे, आणि आजही राहत नाही. त्यामुळे गावाचा कारभार गावच पाहत राहिले. प्रत्येक बेटावर 'ताउपुलेंगा' म्हणजे वडीलधाऱ्यांची सभा असते. धडधाकट पुरुषांचा गट सामुदायिक कामे उरकतो, स्त्रियांची समिती आरोग्य आणि स्वच्छता यांवर लक्ष ठेवते. प्रत्येक बेट एक 'फाइपुले' निवडते. तो बेटाच्या वतीने बाहेर बोलतो. 'पुलेनुकू' गावातील दैनंदिन व्यवस्था पाहतो. तिन्ही बेटांचे प्रतिनिधी 'जनरल फोनो' या सभेत एकत्र येतात. १९९४मध्ये प्रशासकाचे कार्यकारी अधिकार या सभेकडे सोपवण्यात आले, १९९६मध्ये तिला कायदे करण्याचा अधिकार मिळाला आणि २००४मध्ये ताउपुलेंगांना व्यवस्थेचा पाया मानून अधिकारांची फेरमांडणी झाली.

शासनप्रमुखाला 'उलू' म्हणतात. हे पद तिन्ही फाइपुलेंकडे आळीपाळीने एकेक वर्ष जाते. टोकेलाऊला कायमची राजधानी नाही. शासनाचे केंद्रही उलूबरोबर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाते. एके काळी एका बेटाने दुसऱ्यांवर राज्य केले, त्याच मुलखाने पुढे कोणतेही बेट कायमचे वरचढ होऊ नये, अशी व्यवस्था उभी केली. मासळीच्या वाटणीचा नियम येथे सत्तेला लागू झालेला दिसतो.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी ज्या प्रदेशांना स्वशासन मिळालेले नाही, त्यांची एक यादी असते. टोकेलाऊ १९४६पासून त्या यादीत आहे. ते त्यातून बाहेर पडावे, असा संयुक्त राष्ट्रांचा आग्रह होता आणि न्यूझीलंडची तयारीही होती. कुक बेटांनी १९६५मध्ये आणि निउएने १९७४मध्ये न्यूझीलंडशी 'मुक्त साहचर्य' स्वीकारले होते. या व्यवस्थेत अंतर्गत कारभार पूर्णपणे स्वतःचा असतो, संरक्षणाची जबाबदारी आणि मदतीचा हात न्यूझीलंडचा राहतो आणि नागरिकत्वही टिकते. संस्थानी राजवटीच्या आठवणी ज्या घरांत सांगितल्या जातात, त्यांना अंतर्गत कारभार आणि संरक्षण यांची फारकत नवी वाटणार नाही. फरक एवढाच की, येथे करार तलवारीच्या धाकाने व्हायचा नव्हता. तो मतपेटीतून व्हायचा होता आणि हवा तेव्हा मोडताही येणार होता.

मतदानासाठी टोकेलाऊच्या लोकांनी स्वतःलाच एक कठीण अट घालून घेतली. साधे बहुमत पुरेसे मानायचे नाही, दोन तृतीयांश मते पडली तरच बदल करायचा. फेब्रुवारी २००६मध्ये मतदान झाले. आपियातील मतदारांनी आधी मत दिले, मग मतपेटी बोटीने एकेका बेटावर गेली. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक सोबत होते. ५८१ वैध मतांपैकी ३४९ अनुकूल पडली. साठ टक्के झाले, दोन तृतीयांश झाले नाहीत. ऑक्टोबर २००७मध्ये पुन्हा मतदान झाले. या वेळी ४४६ अनुकूल आणि २४६ प्रतिकूल मते पडली. आवश्यक संख्येला सोळा मते कमी पडली. सोळा मते, म्हणजे तेथील दोनतीन घरांतली माणसे.

जगातील कोणत्याही संसदेत चौसष्ट टक्के हे घवघवीत यश मानले गेले असते. टोकेलाऊने ते नाकारले आणि निकाल शांतपणे मानला. नकार देणाऱ्यांची कारणे काय होती? मदत आटेल की काय, ही शंका होती. नागरिकत्व टिकेल असे आश्वासन दिले गेले होते, तरी पुढच्या पिढीचे काय, ही धास्ती होती. शिवाय टोकेलाऊची बहुसंख्य माणसे न्यूझीलंडमध्ये राहतात आणि त्यांना मताचा अधिकार नव्हता. २०१८च्या तेथील जनगणनेत टोकेलाऊ वंशाचे साडेआठ हजारांहून अधिक लोक नोंदले गेले. बेटावरच्या वस्तीच्या हे पाचपटीहून जास्त आहेत. ज्या आजीची नातवंडे वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआत शिकत आहेत, तिला कोणतीही नवी सीमारेषा आपल्याच घरातून आखल्यासारखी वाटली असणार.

माझ्या मते याहून खोल असे एक कारण आहे. गावाचा कारभार, मासळीची वाटणी, वडीलधाऱ्यांची सभा हे सारे त्यांच्या हातात होतेच. कागदावरचे स्वशासन त्यात कितीशी भर घालणार होते? उलट दोनशेसेहेचाळीस माणसांचे मन वळलेले नसताना त्यांना ओढून नेणे, हे त्यांच्या रीतीला धरून झाले नसते. प्रत्येकाचा वाटा काढल्याशिवाय मासळी उचलायची नाही, हा ज्यांचा संस्कार, त्यांनी निर्णयालाही तोच नियम लावला. याचा अर्थ साठ वर्षे यादीत अडकलेला प्रश्न सुटला, असा नाही. टोकेलाऊ आजही त्या यादीत आहे, आणि अर्थसंकल्पाचा मोठा भाग आजही न्यूझीलंडच्या मदतीवर उभा आहे. ट्यूना मासेमारीच्या परवान्यांचे शुल्क हे स्वतःच्या उत्पन्नाचे मुख्य साधन. स्वाभिमान आणि परावलंबन यांचा हा संसार सोपा नाही.

परंतु मतदान फसले म्हणून लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. पूर्वी डिझेलचे एकेक पिंप होडीतून उतरवून वीज तयार करावी लागे. २०१२ साली तिन्ही बेटांवर मिळून चार हजारांहून अधिक सौर पट्ट्या बसवण्यात आल्या आणि जवळजवळ सारी विजेची गरज सूर्यप्रकाशावर भागवणारा हा जगातील पहिला मुलूख ठरला. २०२२मध्ये समुद्राखालील दूरसंचार तार येऊन पोहोचली. जगाचे वारे बदलले की हे लोक स्वतः निर्णय घेतात, हेच यातून दिसते.

खरे संकट मात्र त्यांच्या हातातले नाही. फेब्रुवारी २००५च्या पर्सी चक्रीवादळात समुद्राचे पाणी वस्तीत शिरले. असे पाणी कंदांच्या खड्ड्यांत साचले की पीक तर जातेच, शिवाय माती दीर्घ काळ खारावून राहते. समुद्राची पातळी वाढते आहे, आणि ती वाढवणाऱ्या धुरात या दीड हजार माणसांचा वाटा नगण्य आहे. ज्यांनी प्रत्येक वाटा मोजून घातला, त्यांच्या वाट्याला जगाने हे घातले आहे.

न्यूझीलंडमधील टोकेलाऊ कुटुंबे आज आपल्या लहानग्यांसाठी मातृभाषेतील बालवर्ग चालवतात. मूळ भूमीपासून दूर, दुसऱ्या भाषेच्या मुलखात घर थाटून आपली भाषा टिकवण्याची ती धडपड आहे. ज्या सभागृहात आपण बसलो आहोत, ते तशाच धडपडीतून उभे राहिले, हे मी येथील सभासदांना सांगायला नको. म्हणूनच माझी एक विनंती आहे. आपल्या ग्रंथालयाच्या भूगोलाच्या कपाटात मोठ्या देशांची पुस्तके भरपूर आहेत. नव्या शतकात त्यांच्या शेजारी अशा लहान मुलखांसाठीही थोडी जागा ठेवावी. सोळा मतांसाठी थांबणाऱ्या माणसांविषयी वाचणाऱ्याला आपल्या सभेतील मतभेदांकडेही थोड्या धीराने पाहता येईल.