बरगे कधी घालायचे?

आज कोयना, जायकवाडी बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते नदीवरच्या छोट्या बंधाऱ्याबद्दल, ज्याला आपण सगळे के. टी. वेअर म्हणतो. के. टी. म्हणजे कोल्हापूर टाइप. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा बातम्यांतून तुम्हाला ठाऊक असेलच. पुराच्या दिवसांत ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी सांगतात ना, ती तिथलीच. पण बंधाऱ्याचं खरं काम पूर ओसरल्यावर सुरू होतं.

रचना साधी आहे. पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा, आणि त्या खाचांत बसवायच्या फळ्या, म्हणजे बरगे. पूर्वी लाकडी असायचे, आता बहुतेक लोखंडी. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन ओळी लावून मधे माती ठासायचे, म्हणजे गळती थांबते. पावसाळ्यात बरगे काढून ठेवायचे, पूर आणि गाळ निघून जातो. परतीचा पाऊस संपला की पुन्हा घालायचे.

सगळी मेख इथंच आहे. घाई केली आणि ऑक्टोबरात लोंढा आला, तर पाणी बाजूचा काठ फोडून कुणाचं तरी शेत घेऊन जातं. उशीर केला, तर नदीची धार बारीक झालेली. मग अडवणार काय?

आमच्या नळपाणी योजनेची विहीर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, काठावरच आहे. बंधाऱ्यात पाणी असलं की विहिरीला पाझर राहतो. एका वर्षी निम्मे बरगे चोरीला गेले. लोखंड ना, भंगारात सहज खपतं! नवे कुणी आणायचे यावर कागद फिरत राहिले, आणि एप्रिलात नळ चार दिवसांनी यायला लागला.

बरगे आले तरी भांडण संपलं नाही, कारण काठावर उसाच्या मोटारी रात्रंदिवस चालू. ज्याला शेत नाही, त्याला हे पाणी फक्त नळातूनच मिळतं. ग्रामसभेत तीन तास वादावादी झाली. शेवटी खांबावर लाल रेघ मारली. पाणी रेघेखाली गेलं की शेतीच्या मोटारी बंद. रात्री चोरून मोटार लावणारे आहेत, नाही असं नाही. पण आता बायका सरळ रेघ दाखवून जाब विचारतात.

तुमच्या बंधाऱ्याचे बरगे सध्या कुठं ठेवलेत? जाऊन मोजा, आणि किती भरले ते मला कळवा.