बिबट्या आणि फडातला माणूस



बिबट्यावर बोलण्यासाठी वनखात्यातला अधिकारी किंवा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक बोलवावा, असा रिवाज आहे. मी ऊसतोडणी मजुरांच्या संघटनेत काम करणारा माणूस. परंतु ज्या फडात आमची माणसे कोयता चालवतात, त्याच फडात बिबट्याची मादी विते. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलण्याचा आमचाही अधिकार आहे, असे मी नम्रपणे मानतो.

बिबट्या उसात आला कसा, ते प्रथम पाहू. जुन्नरच्या बाजूला कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे निघाले आणि जिराईत रानात ऊस उभा राहिला. हा ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात असतो. त्यात सावली आहे, आडोसा आहे, जवळ पाणी आहे. बांधापलीकडच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या आहेत. याहून त्याला अधिक काय हवे? अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. हा मुलूख अरण्याचा नव्हे. तिथे चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे नांदतात. म्हणजे बिबट्या तिथे वाट चुकून आलेला नाही. तो तिथला रहिवासी आहे.

ही गोष्ट गावकऱ्यांना कॅमेऱ्यावाचून ठाऊक होती. अकोल्याच्या आदिवासी भागात महादेव कोळी आणि ठाकर मंडळी दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. वाघोबाला नैवेद्य दाखवतात. शहाणी माणसे याला भोळेपणा म्हणतात. पण ज्याच्या शेजारी राहायचे त्याची आठवण वर्षातून एकदा तरी काढावी, त्याच्या वाटेची जाण ठेवावी, हा त्यातला व्यवहार आहे.

हे ज्ञान बाजूला ठेवले म्हणजे काय होते, त्याचा दाखला जुन्नरनेच दिला. २००१ नंतर बिबटे पिंजऱ्यात पकडून दुसरीकडच्या जंगलांत नेऊन सोडण्याचा सपाटा सुरू झाला. हेतू चांगला होता. परंतु त्याआधी, १९९३ पासून, वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसांवर होत. ही धरपकड सुरू झाल्यावर २००१ ते २००३ या काळात ते वर्षाला १७ वर गेले. एक बिबट्या उचलला की मोकळ्या जागी दुसरा येतो आणि उचललेला जिथे सोडला तिथे तो परका असतो. परगावचा मजूर रात्री अनोळखी स्टेशनावर उतरला म्हणजे जसा बावरतो, तशीच त्याची गत होत असली पाहिजे. गावोगाव माणसे तेव्हा म्हणत, “हा इथला वाघ नव्हे, कुणीतरी आणून सोडलाय.” त्यावर शहरात हसू व्हायचे. प्रत्यक्षात बिबटे आणून सोडले जातच होते.

बिबट्या जागेला किती धरून असतो म्हणाल, तर २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेल्या एका नराच्या गळ्यात यंत्राचा पट्टा बांधला होता. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोचला. त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. पुढे त्याच नावाचा चित्रपटही निघाला. आपण नेमून दिलेली जागा त्याने मानली नाही, एवढाच त्याचा बोध.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. ‘स्थानिकांचे ज्ञान’ हा शब्द आज सभासंमेलनांत फार गोड वाटतो. पण स्थानिक म्हणजे कोण? बागाईतदार पक्क्या घरात कडी लावून निजतो. बीडहून आलेले आमचे कुटुंब उसाच्या कडेला पाचटाच्या कोपीत निजते. कोपीला दार नाही, तळावर दिवा नाही, संडास नाही. बिबट्याच्या सर्वांत जवळ राहणारा हा माणूस त्या गावचाही नाही. गावचे शहाणपण त्याला कुणी सांगितलेले नसते. एका हंगामात मी एका तळावर मुक्कामाला होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या ठाकर गुराख्याने आमच्या बायांना सांगितले, “बायांनो, अंधारात एकट्या बाहेर बसू नका. वाकलेले, बसलेले माणूस त्याला लहान जनावरासारखे दिसते. पोर कडेला निजवू नका, मध्ये घ्या. शेळी कोपीला बांधू नका.” पाच मिनिटांचा हा धडा. पण तो देणे कुणाच्याही कामाच्या यादीत नव्हते.

उलट बाजूही आहे. मजुराला जे ठाऊक असते ते सांगण्याची त्याला किंमत मोजावी लागते. उसात बछडे सापडले तर ते हलवू नयेत, वनखात्याला कळवावे. त्याच जागी संध्याकाळी ठेवले म्हणजे आई येऊन घेऊन जाते. जुन्नर भागात वनखाते आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातील मंडळी अशी भेट घडवून आणतात. नेमकी सरी दाखवणारा मात्र कोयतेवाला असतो. आमच्या एका टोळीने असे इमानाने कळवले. तोड दिवसभर थांबली. मजुरी टनावर, त्या दिवशी चुलीपुरतेही मिळाले नाही. कारखान्याने हात वर केले, मुकादमाने शिव्या दिल्या. पुढच्या खेपेला त्याच टोळीने बछडे मुकाट्याने उचलून दूर बांधावर ठेवले. मादी दोन रात्री तळाभोवती गुरगुरत हिंडली आणि चाळीस माणसे पोरे पोटाशी धरून जागी बसली. दोष कुणाचा, ते आपणच ठरवा.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन बळी गेले. त्यांत दोन मुले होती. अखेर एक बिबट्या गोळी घालून मारावा लागला. लोक रस्त्यावर उतरले. त्या रागाला नावे ठेवण्याचा अधिकार आपणा शहरवासीयांना नाही. वाघोबाला पुजणाऱ्या माणसानेही आपले लेकरू देण्याचा करार केलेला नाही. जो बिबट्या माणसे मारू लागला त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण दिसेल तो बिबट्या उचला, ही मागणी आपल्याला पुन्हा २००१ वर नेईल.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. तळावर दिवा, दाराची खोली आणि संडास असावा. बछडे सापडून तोड थांबली तर त्या दिवसाची मजुरी मिळावी. शेतीपंपाला वीज दिवसा मिळावी, म्हणजे रात्री बारे द्यायला एकट्याने रानात जावे लागणार नाही. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी त्या गावच्या जाणत्या गुराख्याने नव्या टोळीला तो पाच मिनिटांचा धडा द्यावा. त्याला त्याचे मानधन मिळावे.

आपण चहात साखर घालतो, ती या फडातून येते. तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही, एवढे सांगून आपली रजा घेतो.