दोघांचा वकील एकच चालेल का?

आज बोलायचंय संमतीनं होणाऱ्या घटस्फोटाबद्दल.

आपल्या गावांतली कितीतरी माणसं मुंबईत नायगाव, परळ, लालबागला गिरणीत लागली. माणूस तिकडे चाळीत, बाई इकडे शेतात. काही घरांत संसार तुटायला येतो. मग निरोप येतो, "वकील मी बघितलाय. दोघांना एकच पुरे. खर्च कशाला दुप्पट? तू फक्त येऊन सही कर."

असा एकच वकील चालतो का? हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे दोघं मिळून एकच अर्ज करतात. तो एका वकिलानं लिहून दिला तर बिघडत नाही. सगळं खरोखर ठरलेलं असेल तर पैसेही वाचतात. पण पोटगी, मुलं, दागिने, घर, यातलं काहीही ठरायचं असेल तर दोघांचं हित वेगळं झालं. एक वकील दोन्ही बाजूंनी भांडू शकत नाही. ज्यानं एका पक्षाला सल्ला दिला, त्यानं त्याच प्रकरणात समोरच्याचं काम घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे.

नायगावच्या बीडीडी चाळीचंच बघा. 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी पुनर्विकासात 500 चौरस फुटांचं घर ठरलंय. खोली नवऱ्याच्या नावावर असेल तर घटस्फोटात त्यातला अर्धा वाटा आपोआप बायकोला मिळत नाही. करारात "यापुढे काहीही मागणार नाही" अशी ओळ असेल, तर त्या सहीची किंमत केवढी, हे तुम्हाला कोण सांगणार? त्यासाठी आपला माणूस हवा.

आपला वकील फुकट मिळतो, बायांनो. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं प्रत्येक स्त्रीला हा हक्क दिलाय, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर 15100 वर फोन करा.

आणखी चार गोष्टी गाठीला बांधा.

एक, नोटरीच्या स्टॅम्प पेपरवर सही केली म्हणजे कोर्टाचा घटस्फोट झाला असं नाही.

दोन, अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये सांगितलं.

तीन, हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. हेही सुप्रीम कोर्टानं 1991 मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे अर्जावर सही झाली तरी सगळं संपलं असं नाही.

चार, बायकोला आपण राहतो तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. प्रत्येक तारखेला मुंबई गाठायलाच हवी असं नाही.

पुढच्या बैठकीत हे गटात वाचा. कुणाकडे असा कागद आला असेल तर तिला सांगा, "आधी आपल्या वकिलाला दाखव, मग सही कर."