शरीरातील पाण्याचा हिशेब



वर्धा जिल्ह्यातील उन्हाळ्याचे वर्णन आपणांस करावयास नको. पारा 45 अंशांच्या घरात जातो, आणि विदर्भातील शाळा उन्हामुळेच उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा उघडतात. अशा प्रदेशातील शिक्षकास शरीरातील पाण्याचा हिशेब ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मनुष्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. प्रौढाची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. परंतु त्यांपैकी जेमतेम दीड लिटर मूत्ररूपाने बाहेर पडतो, बाकीचा रक्तात परत जातो. घाम फार गेला म्हणजे रक्तातील क्षारांची तीव्रता वाढते. मेंदूतील एका लहानशा केंद्रास ते कळते. ते तहान उत्पन्न करते आणि एका स्रावाच्या द्वारे मूत्रपिंडांना पाणी राखण्याची आज्ञा देते. म्हणून लघवी थोडी व गडद होते. हीच पहिली सूचना होय.

ही व्यवस्था पाणी वाचवू शकते. निर्माण करू शकत नाही. जुलाब-वांत्यांत पाण्याबरोबर क्षारही वाहून जातात. जीभ कोरडी पडते, डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होते, मूल सुस्त पडते. अशा वेळी पाणी बंद करण्याची समजूत घातक आहे.

1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती. शिरेतून द्यावयाचा द्रव अपुरा पडला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण रुग्णांस पाजविले. मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे 30 वरून 4 च्याही खाली आले. कारण आतड्यात साखरेच्या सोबतीने मीठ शोषिले जाते, आणि त्यामागोमाग पाणी.

आरोग्य केंद्रातील क्षार-साखरेची पुडी शाळेत ठेवावी. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ अधिक होऊ देऊ नये. घोटघोट पाजावे. मूल भ्रमिष्ट वा बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे.

एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. शौचालय अस्वच्छ असले म्हणजे अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. तेथे पाण्याचा माठ भरून भागत नाही. शौचालयही स्वच्छ हवे. प्रत्येक दोन तासिकांनंतर वर्गाने पाणी प्यावे, हा नियम वेळापत्रकातच लिहावा.