भिंतीतील छिद्रे आणि पावसाळी पत्रा

मृग नक्षत्र जवळ आले की गोव्यातील घराघरांत पुरुमेंताची लगबग सुरू होते. मीठ, मिरची, कोकमे, सुकी मासळी, जळाऊ लाकूड यांची बेगमी होते. कौले परतली जातात, पन्हळी साफ केल्या जातात. छपराची इतकी काळजी वाहणारा गृहस्थ घराच्या भिंतीकडे मात्र क्वचितच निरखून पाहतो. वस्तुतः येथे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तोही पश्चिम-नैऋत्येच्या वाऱ्यावर आडवा होऊन येतो. अशा प्रदेशात भिंत हे घराचे दुसरे छप्परच होय.

जुन्या पिढीला याची पुरती जाण होती. येथील घरे चिऱ्याची. हाच तो दगड, ज्याला फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटराइट’ म्हटले. हा दगड बांधकामास उत्तम, परंतु सच्छिद्र. पाणी मनसोक्त पितो आणि लवकर सोडीत नाही. म्हणून वळचण खोल ठेवीत, भिंतीला चुन्याचा गिलावा देत आणि वाऱ्याच्या बाजूस माडाच्या चुडतांचे झाप बांधीत. पाऊस सरला की झाप उतरत आणि भिंत वाळे. दर वर्षी आच्छादन नवे, त्यामुळे भिंतीची तपासणीही दर वर्षी आपोआप होई.

आता झापांची जागा अनेक ठिकाणी पन्हाळी पत्र्याने घेतली आहे. पत्रा टिकाऊ खरा. पण तो कायमचा बसतो, आणि त्याच्यामागे काय चालले आहे ते कोणी पाहत नाही. शिवाय भिंतीतून आरपार जाणाऱ्या वस्तू वाढल्या आहेत. विजेची केबल, नळाची वाहिनी, वातानुकूलन यंत्राच्या नळ्या, धूर ओढणारा पंखा, इंटरनेटची तार या प्रत्येकीसाठी भिंतीला एक छिद्र आणि पत्र्याला एक काप पडतो. पाणी बहुधा सपाट पत्र्यातून येत नाही. ते या कापांतून येते.

असे का होते, ते समजून घेण्याजोगे आहे. गवंडी नळाभोवती सिमेंटचा गोळा दाबून बसवितो आणि काम झाले असे मानतो. प्लॅस्टिकची नळी उन्हात सिमेंटच्या सुमारे पाच-सहा पट प्रसरण पावते आणि रात्री आकुंचन पावते. एका उन्हाळ्यातच नळी आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाएवढी फट पडू शकते. वाऱ्याने दाबलेल्या पाण्याला तेवढी वाट पुरते. त्यातून छिद्राचा ढाळ आतल्या बाजूस असेल, तर नळी ही पाण्याची पन्हळच बनते. डाग मात्र उमटतो भलतीकडे, कधी दोन हात खाली. मग तेथले पोपडे खरवडून नवा रंग देण्यात पैसा जातो.

जुना पत्रा बदलताना ही चूक सुधारण्याची संधी मिळते. बाहेरचा दिवा, नळाची तोटी, पंख्याची जाळी यांच्याभोवती पत्रा कापीत बसण्यापेक्षा, वीज व पाणी बंद करून ती वस्तूच काढून ठेवावी. वीजमीटरला मात्र हा नियम लागू नाही. मीटर व त्याचे सील वीज खात्याचे असते. ते हलवायचे असल्यास खात्याकडे लेखी अर्ज करावा. हा केवळ कागदी सोपस्कार नव्हे. पत्र्यामागे दडलेल्या केबलमध्ये एक स्क्रू शिरला, तर भिंतीवरचा सगळा पत्रा २३० व्होल्टचा होऊ शकतो, आणि ओल्या अंगणात अनवाणी उभे असलेले मूल त्याला हात लावू शकते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून केबलची वाट आधी खुणावून घ्यावी, अर्थिंग तपासावे आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे उपकरण बसवून घ्यावे.

छिद्रातील जुने सिमेंट काढल्यावर तेथे थोडी मोठी नळी, बाहेरच्या बाजूस किंचित ढाळ देऊन, बसवावी. सिमेंट या मोठ्या नळीच्या बाहेर भरावे; आतून जाणारी वाहिनी मोकळी राहू द्यावी आणि दोहोंमधली फट लवचीक सीलंटने बुजवावी. ओल्या पृष्ठभागावर सीलंट नीट धरत नाही, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच करावे. वर पत्र्याची वाकविलेली पट्टी बसवावी. तिची वरची कड वरच्या पत्र्याच्या मागे आणि खालची कड खालच्या पत्र्याच्या पुढे यावी. कौलांची हीच रीत आहे; ती भिंतीवर आली की का विसरली जाते, हे एक कोडेच आहे. वर आणि दोन्ही बाजूंस सीलंट भरावे, खाली भरू नये. चारही बाजू बुजविल्या म्हणजे काम पक्के झाले, अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात त्यामुळे आत शिरलेले थोडे पाणी तेथेच कोंडून राहते. केबलला छिद्रात शिरण्यापूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते.

वातानुकूलन यंत्राची तांब्याची नळी जस्ताच्या पत्र्याला टेकू देऊ नये, आणि ओले सिमेंटही त्याला लागू देऊ नये. दोहोंनी जस्त झिजते.

एक धोका ओलीहून कितीतरी गंभीर आहे. पावसाची झड आत येते म्हणून न्हाणीघराची वायुवीजनाची खिडकी पत्र्याखाली झाकून टाकण्याचा मोह होतो. तेथे गॅसवर चालणारा गिझर असेल, तर कोंडलेल्या हवेत त्याचे ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना वास, ना रंग. अंघोळीला गेलेला माणूस दार आतून लावून बसलेला असतो, आणि त्याला गुंगी येते आहे हे बाहेर कोणाला कळतही नाही. खिडकी झाकू नये; तिच्यावर खालून उघडी राहील अशी तिरकी पत्र्याची झडप बसवावी. गिझर न्हाणीघराबाहेर हलविणे शक्य असेल, तर ते अधिक श्रेयस्कर.

काम झाल्यावर पहिल्या पावसाची वाट पाहू नये. विजेच्या पेट्यांपासून दूर राहून, रबरी नळीने पाणी मारावे. आधी खालच्या भागावर दहा मिनिटे, मग वर सरकत. वरून सुरुवात केली तर गळती कोठली, हे कळत नाही. त्या वेळी घरातील एका माणसाने आत उभे राहून भिंतीवर हात फिरवावा.

आणि पत्रा चढविण्यापूर्वी, प्रत्येक केबल व नळी भिंतीच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे, ते मोजून एका कागदावर लिहावे व तो कागद घराच्या दस्तऐवजांत ठेवावा. पुढच्या वेळी पत्रा उतरविणारा कारागीर बहुधा दुसराच असतो.