मंत्र्याला कायदा लागू नाही काय?

(यवतमाळ येथील कामगारांच्या सभेत एका गिरणी कामगाराने केलेले भाषण)



मी चौथी शिकलेला, सूतगिरणीत रिंग खात्यात चाती सांभाळणारा माणूस. कायद्याची पोथी मला वाचता येत नाही. पण नियम मोडला तर काय होते, हे गिरणी कामगाराइतके कोणाला ठाऊक? उशीर झाला, पगार कापला. खात्यात विडी ओढताना सापडला, चार्जशीट. चौकशी चालू असेतो सस्पेंड, अर्ध्या पगारावर घरी! तेव्हा कोणी म्हणत नाही, की माणूस कामाचा आहे, राहू द्या. मग माझा सवाल असा, की ज्यांनी नियम केला, त्यांनीच तो मोडला तर काय?

दूरचे नको, आपल्याच मुलखातले घ्या. २०२१ चा फेब्रुवारी महिना आठवा. यवतमाळ, अमरावती, अकोल्यात करोना पुन्हा उसळला होता. २१ तारखेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याला सांगितले, की राजकीय, धार्मिक, सामाजिक गर्दी बंद. दोनच दिवसांनी, २३ तारखेला, त्यांच्याच सरकारचे वनमंत्री संजय राठोड पोहरादेवीला आले. दिग्रसचे आमदार, आपल्या जिल्ह्याचे पालकमंत्री! भोवती हजारोंची गर्दी. गुन्हे दाखल झाले ते गर्दी करणाऱ्या लोकांवर.

लोकांना मी दोष देत नाही. पोहरादेवी हे बंजारा भावांचे श्रद्धेचे ठिकाण आहे. आपला माणूस येतो म्हटल्यावर लोक येणारच. पण मंत्र्याला हे कळत नव्हते काय? आपण घरी राहिलो तर लोकही घरी राहतील, एवढे तर पालकाला कळलेच पाहिजे.

२८ फेब्रुवारीला त्यांनी राजीनामा दिला, हे खरे. पण तो दिला एका तरुणीच्या मृत्यूवरून झालेल्या आरोपांमुळे. त्या आरोपांवर मी बोलत नाही. ते पोलिसांचे आणि कोर्टाचे काम. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारात ते पुन्हा मंत्री झाले, तेव्हा पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवल्याचे नवे मुख्यमंत्री सांगत होते. ठीक आहे. पण पोहरादेवीच्या गर्दीचे काय? त्याचा जबाब राजीनाम्यात नव्हता आणि नव्या शपथेतही नव्हता.

आणि इकडे गरिबाला काय? एप्रिल २०२१ मध्ये फर्मान निघाले : लग्नाला २५ माणसे, दोन तासांत उरका, नाही तर ५० हजार दंड. मयताला २० माणसे. कितीक घरांत पोराला बापाच्या मातीला सोयरे बोलावता आले नाहीत. लोकांनी हे सोसले, कारण नियम सगळ्यांना एक आहे असे त्यांनी मानले. हा विश्वास मोडला, की उद्या रोग आला तर सरकारचे ऐकणार कोण? बाप्पा, ही नुकसानी दंडाने भरून येत नाही!

कोणी म्हणतात, लहानशा चुकीसाठी मंत्री का घालवायचा? त्यात थोडे खरे आहे. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी वाढदिवसाला ठरल्यापेक्षा जास्त माणसे जमवली. पोलिसांनी २० हजार क्रोनर दंड केला, त्यांनी माफी मागून तो भरला. मी म्हणतो, चालेल. पण विलायतेत मॅट हॅनकॉक आरोग्यमंत्री होते. अंतर ठेवा म्हणून देशाला सांगणारे तेच. ते स्वतःच चुकले, तेव्हा २०२१ च्या जूनमध्ये त्यांनी खुर्ची सोडली. ज्याच्या तोंडून नियम निघाला, त्याचा गुन्हा जास्त.

दुसरे म्हणतात, लोकांनी पुन्हा निवडून दिले ना? होय, २०२४ मध्ये दिग्रसकरांनी राठोडांना निवडून दिले, तो त्यांचा हक्क. पण मतपेटी आमदार निवडते, ती चौकशी करत नाही. कामगार युनियनच्या निवडणुकीत जिंकला म्हणून मालक त्याची चार्जशीट फाडतो काय?

हा एका पक्षाचा सवाल नाही. १९८२ च्या जानेवारीत सिमेंटच्या वाटपावरून मुंबई हायकोर्टाने ठपका ठेवला, तेव्हा मुख्यमंत्री अंतुले यांना जावे लागले. म्हणजे कोर्टाने ढकलल्यावर! आणि आठवा चिंतामणराव देशमुख. १९५६ साली मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला, मुंबईत गोळ्या चालल्या. चिंतामणरावांनी स्वतः कोणता नियम मोडला होता? कोणताही नाही! तरी देशाचे अर्थमंत्रिपद सोडून ते उभे राहिले. हे राज्य अशा त्यागावर आले आहे.

म्हणून आपली मागणी साधी आहे. स्वतःच्या सरकारचा मोठा नियम मंत्र्याने मोडला, तर त्याने त्याच दिवशी पद सोडावे. कशासाठी सोडले ते स्पष्ट लिहावे. चौकशी व्हावी, अहवाल विधानसभेत वाचला जावा, मगच परत यावे. निर्दोष असेल तर आम्हीच हार घालू. राजीनामा म्हणजे फाशी नव्हे. आमच्या भाषेत ते सस्पेंड होणे आहे. ते आम्ही सोसतो, त्यांनीही सोसावे.

गिरणीला एक कायदा आणि मंत्रालयाला दुसरा, हे चालणार नाही!

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!